घराबाहेरचे दोन नळ : पर्जन्यवाहिनी व मलवाहिनी जोडणीचे नियम

मुंबईतील बहुतेक रस्त्यांखाली दोन स्वतंत्र वाहिन्या आहेत. एकीतून पावसाचे पाणी नाल्यांवाटे खाडीत किंवा समुद्रात जाते. दुसरीतून घरांतले सांडपाणी व मैला उदंचन केंद्रांकडे आणि तेथून प्रक्रियेसाठी पुढे नेला जातो. पालिकेत या दोन्हींची खातीही वेगळी आहेत. पर्जन्य जलवाहिन्या खाते पहिली वाहिनी सांभाळते आणि दुसरी मलनिःसारण खात्याकडे असते. जोडणीविषयीचे बहुतेक नियम एकाच सूत्रावर उभे आहेत : एकीचे पाणी दुसरीत जाता कामा नये.

हा भेद का महत्त्वाचा?

मलवाहिनीचा व्यास माणसांच्या दैनंदिन वापराचा हिशेब करून ठरवलेला असतो. गच्चीवरचे पावसाचे पाणी तिच्यात सोडले की ती तुडुंब भरते आणि सखल भागातील तळमजल्यांच्या संडासांतून व न्हाण्यांतून मैलापाणी उलटे वर येते. उलट प्रकारात, म्हणजे संडासाची वाहिनी पावसाळी गटाराला जोडली तर, तो मैला कोणत्याही प्रक्रियेविना नाल्यात आणि तेथून समुद्रात जातो. मिठी, पोईसर, दहिसर व ओशिवरा या नद्यांच्या आजच्या अवस्थेला अशा थेट सोडलेल्या सांडपाण्याचा मोठा हातभार लागला आहे.

पर्जन्यवाहिन्यांची क्षमताही अमर्याद नाही. शहराच्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेण्यासाठी बांधलेल्या होत्या. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करण्याची शिफारस केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि रखडलेल्या त्या शिफारशीचे महत्त्व सर्वांना कळले. त्या प्रलयानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीच्या अहवालात शहराच्या १८६ पातमुखांची नोंद आहे. त्यांपैकी केवळ सहा भरतीच्या पातळीच्या वर होती. साहजिकच भरतीच्या वेळी उरलेल्यांतून पाणी बाहेर पडणे कठीण होते. त्यानंतरच्या काळात हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे पावसाचे पाणी उपसणारी उदंचन केंद्रे उभी राहिली.

कायदा काय सांगतो?

या विषयाचा पाया मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ हा आहे. मालकाला किंवा भोगवटादाराला आपली वाहिनी पालिकेच्या वाहिनीला जोडण्याचा हक्क आहे, मात्र त्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते आणि घातलेल्या अटी पाळाव्या लागतात. मिळकतीपासून सुमारे शंभर फुटांच्या आत पालिकेची वाहिनी असेल आणि मिळकतीत निचऱ्याची पुरेशी सोय नसेल, तर जोडणी करून घेण्यास पालिका मालकाला भाग पाडू शकते. विनापरवाना केलेली जोडणी तोडली जाऊ शकते.

नवी इमारत

बांधकामाच्या प्रस्तावासोबत निचऱ्याचा आराखडा द्यावा लागतो आणि पर्जन्यवाहिनी व मलवाहिनी यांबाबत दोन्ही खात्यांचे अभिप्राय घ्यावे लागतात. अंतर्गत वाहिन्यांचे काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्यावे. काम पूर्ण झाल्यावर निचरा पूर्णत्वाचा दाखला मिळवावा लागतो. तो नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र अडते. सदनिका ताब्यात घेताना खरेदीदाराने हा दाखला पाहण्यास मागावा. मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संचयन बंधनकारक आहे. त्यामुळे वाहिन्यांवरचा भारही हलका होतो.

जुनी सोसायटी

आवारातील वाहिन्या आणि चेंबर यांची देखभाल सोसायटीची, तर रस्त्याखालील मुख्य वाहिनी पालिकेची. नवी जोडणी घेण्यासाठी किंवा जुनी बदलण्यासाठी विभाग कार्यालयात अर्ज करावा. रस्ता खोदावा लागणार असेल तर त्याची परवानगी वेगळी असते आणि रस्ता पूर्ववत करण्याचा आकार भरावा लागतो. पावसाळ्यात खोदकामास सहसा परवानगी मिळत नाही, म्हणून हे काम हिवाळ्यातच हाती घेणे शहाणपणाचे.

मे महिन्यापूर्वी एक साधी तपासणी करावी. गच्चीवरून येणारे पन्हाळी नळ मलवाहिनीच्या चेंबरमध्ये उतरत नाहीत ना, हे पाहावे. मोरीचे किंवा वाहन धुण्याचे पाणी पावसाळी गटारात जात नाही ना, हेही पाहावे. शंका असल्यास नळात रंगीत पाणी सोडून ते कोणत्या चेंबरमध्ये निघते ते बघता येते.

जिवाशी गाठ

पाणी तुंबले की रस्त्यावरील मॅनहोलचे झाकण उघडण्याची प्रवृत्ती दिसते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवी परिसरात एका ज्येष्ठ डॉक्टरांचा अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. पाण्याखाली उघडे तोंड कोणालाच दिसत नाही. झाकण स्वतः उघडू नये. पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवावे.

चेंबर वा सेप्टिक टँक साफ करण्यासाठी माणसाला आत उतरवण्याचा मोहही टाळलाच पाहिजे. आतील विषारी वायू काही क्षणांत प्राण घेतो. संरक्षक साधनांशिवाय असे धोकादायक काम करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ती गृहनिर्माण संस्थांनाही लागू असून तुरुंगवास व दंड अशी शिक्षा आहे. अशा मृत्यूंबाबत ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. सफाईसाठी यंत्रच मागवावे आणि कंत्राटात तसे स्पष्ट लिहून घ्यावे.

आराखडा, परवानगीपत्र आणि पूर्णत्वाचा दाखला या तीन कागदांच्या प्रती सोसायटीच्या दप्तरी जपून ठेवाव्यात. कोणती वाहिनी कोठून जाते हे त्यांवरूनच कळते, आणि पुढची दुरुस्ती करणाऱ्याला जमीन अंदाजाने खणावी लागत नाही.