भोसला मिलिटरी स्कूल : बंद दारासमोर उभी राहिलेली शाळा

नाशिक, प्रतिनिधी - नाशिकमध्ये 'भोसला' एवढा एकच शब्द उच्चारला, की रिक्षाचालकाला पुढचे काही सांगावे लागत नाही. गंगापूर रस्त्यावरच्या एका चौकाला या शाळेमुळे भोसला सर्कल हे नाव मिळाले. शाळेसमोरून जाणारा रस्ता डॉ. मुंजे पथ म्हणून ओळखला जातो, आणि ज्या विस्तीर्ण, झाडीच्या परिसरात ती उभी आहे त्याला 'रामभूमी' म्हणतात. शाळा सुरू झाली तेव्हा हा भाग गावाबाहेर होता. आज चारही बाजूंनी वसाहती, महाविद्यालये आणि दुकाने उभी राहिली आहेत आणि कुंपणाच्या आतला मोकळा भाग शहराच्या नकाशावर एखाद्या बेटासारखा दिसतो. या शाळेच्या विद्यार्थ्याला 'रामदंडी' म्हणतात. शाळा सोडून चाळीस वर्षे झालेले गृहस्थही आपली ओळख याच शब्दाने करून देतात.

सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी ही मातृसंस्था १९३५ मध्ये स्थापन झाली आणि जून १९३७ मध्ये शाळेचे वर्ग सुरू झाले. संस्थापक डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे त्या वेळी ६४ वर्षांचे होते. त्या वयात एका नेत्रवैद्याने आपला चालता व्यवसाय आणि राजकारणातील मानाचे स्थान बाजूला सारून मुलांची निवासी शाळा का काढावी, याचे उत्तर त्या काळच्या लष्करभरतीच्या नियमांत शोधावे लागते.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी फौजेची फेररचना केली. कोणते लोक 'लढवय्ये' आणि कोणते नाहीत, याची यादीच तयार झाली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असताना या सिद्धांताला सरकारी धोरणाचे रूप आले. पंजाब, सरहद्द आणि नेपाळकडील लोकांना झुकते माप मिळाले आणि दक्षिणेकडील भरती आटत गेली. महाराष्ट्राला याचा फटका दोन्ही टोकांनी बसला. मराठा पलटणी टिकल्या, परंतु कोरेगावच्या लढाईपासून कंपनीच्या फौजेत असलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये त्यासाठी सरकारकडे अर्ज केला, तरी स्वतंत्र महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. शहरी सुशिक्षित वर्ग तर लष्कराच्या हिशेबात जवळजवळ धरलाच जात नव्हता. टिळकांच्या चळवळीत सर्वांत पुढे हाच वर्ग होता, हे सरकार विसरणे शक्य नव्हते.

शिपाई होणे एक आणि अधिकारी होणे दुसरे. राजाच्या सनदेवरचा अधिकारी होण्याची वाट हिंदी तरुणांना १९१८ पर्यंत बंदच होती. त्या वर्षी इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात वर्षाला दहा जागा देण्यात आल्या. तिथली तयारी करून घेण्यासाठी १९२२ मध्ये डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज निघाले, पण तेथील खर्च आणि निवड या दोन्हींमुळे ते प्रामुख्याने सरदार-जहागीरदार आणि लष्करी घराण्यांच्या मुलांचेच राहिले. १९२३ मध्ये हिंदी अधिकाऱ्यांसाठी फक्त आठ पलटणी नेमून देण्यात आल्या. हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरा अधिकारी येऊ नये, ही त्यामागची चिंता कोणापासून लपलेली नव्हती.

मुंजे यांचा ध्यास

डॉ. मुंजे यांचा जन्म १८७२ मध्ये बिलासपूरला झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीचे शिक्षण घेतल्यावर बोअर युद्धाच्या काळात ते वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. नागपुरात त्यांनी नेत्रवैद्य म्हणून नाव मिळवले आणि संस्कृतमध्ये नेत्रचिकित्सेवर ग्रंथही लिहिला. राजकारणात ते टिळकांचे अनुयायी होते. टिळकांनंतर गांधीजींच्या अहिंसेशी त्यांचे जमले नाही आणि ते हिंदू महासभेकडे वळले. १९२७ पासून दहा वर्षे ते महासभेचे अध्यक्ष होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळिराम हेडगेवार हे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली वाढले.

घोडेस्वारी आणि नेमबाजी या त्यांच्या आवडीच्या गोष्टी, आणि लष्करी शिक्षण हा ध्यास. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी तो विषय लावून धरला. हिंदी लष्करी महाविद्यालयाची योजना आखण्यासाठी १९३१ मध्ये सर फिलिप चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्यावर मुंजे सदस्य होते. त्यातूनच १९३२ मध्ये डेहराडूनची इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमी उघडली. पहिल्या तुकडीत ४० छात्र होते, सॅम माणेकशॉ त्यांपैकी एक.

अ‍ॅकॅडमी झाली म्हणजे काम संपले असे मुंजे यांना वाटले नाही. दार किलकिले झाले तरी त्यातून आत जाणारी मुले कुठून यायची, हा प्रश्न होताच. ज्या घरांत तीन-चार पिढ्या बंदूक पाहिलेली नाही, त्या घरांतील मुलगा अठराव्या वर्षी एकदम स्पर्धेत उतरला तर टिकणार कसा? त्याला दहा-बारा वर्षांच्या वयातच उचलून मैदानावर, घोड्यावर आणि वसतिगृहाच्या शिस्तीत वाढवावा लागेल, हे त्यांचे गणित होते. नाशिकची शाळा या गणितातून उभी राहिली.

जागेची निवडही समजण्यासारखी आहे. देवळालीची छावणी हाकेच्या अंतरावर, मुंबईशी रेल्वेने थेट संबंध, हवा थंड, पंचवटीमुळे रामकथेशी जोडलेले नाव. शिवाय भगूर आणि 'अभिनव भारत'मुळे नाशिकला क्रांतिकारकांची परंपरा होती. १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनचा वध याच शहरातील विजयानंद नाट्यगृहात झाला होता. 'भोसला' हे नाव शिवछत्रपतींच्या कुळाचे, आणि मुंजे यांच्या नागपूरच्या राजघराण्याचेही.

रोममधील ती भेट

या शाळेबद्दल लिहिताना एक गोष्ट एक तर गाळली जाते, नाही तर तीच एकमेव गोष्ट म्हणून सांगितली जाते. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंजे लंडनला गेले होते. परत येताना मार्च १९३१ मध्ये ते इटलीत थांबले. रोममधील लष्करी आणि शारीरिक शिक्षणाच्या संस्था त्यांनी पाहिल्या, मुलांना गणवेशात आणून कवायत शिकवणारी 'बालिल्ला' ही फॅसिस्ट संघटना पाहिली आणि १९ मार्च रोजी त्यांनी बेनिटो मुसोलिनीची भेट घेतली. हे सारे त्यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. नवी दिल्लीतील नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात, म्हणजे २०२३ पासूनच्या पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालयात, त्यांची कागदपत्रे आहेत. इटालियन संशोधक मार्झिया कासोलारी यांनी जानेवारी २००० मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तील लेखात त्यांचा आधार घेतला आणि वादाला तोंड फुटले.

मुंजे यांना बालिल्ला आवडली आणि तशी संघटना हिंदूंसाठी असावी असे त्यांना वाटले, याबद्दल शंका घेण्यास जागा नाही. त्यांचे स्वतःचे हस्ताक्षर आहे. संस्थेच्या नावातील 'हिंदू' हा शब्दही योगायोगाने आलेला नाही. लष्करात हिंदूंचे प्रमाण वाढावे हा त्यांचा उघड हेतू होता आणि तो तत्कालीन हिंदू-मुस्लिम तणावाच्या संदर्भातच वाचावा लागतो. तरीही नाशिकची शाळा ही बालिल्लाची नक्कल होती, हे म्हणणे टिकत नाही. बालिल्ला ही सत्ताधारी पक्षाची, देशातील सरसकट सर्व मुलांना कवेत घेणारी यंत्रणा होती. भोसला ही शुल्क घेणारी निवासी शाळा होती, सरकारी परीक्षांना मुले बसवणारी आणि ब्रिटिशांच्याच अधिकारी भरतीकडे डोळे लावून बसलेली. तिचा आराखडा रोमपेक्षा डेहराडूनला जवळचा वाटतो. लष्करी शिक्षणाचा मुंजे यांचा आग्रहही इटलीच्या वारीपूर्वीपासूनचा आहे. इटलीने त्यांना उत्साह दिला. कल्पना त्यांच्याकडे आधीच होती.

दार उघडल्यानंतर

शाळा सुरू होऊन दोन वर्षे होतात तोच दुसरे महायुद्ध पेटले आणि जे काम अर्ज-विनंत्यांनी पन्नास वर्षांत झाले नव्हते ते गरजेने केले. १९३९ मध्ये हिंदी अधिकाऱ्यांची संख्या चारशेच्या आसपास होती, ती युद्ध संपेपर्यंत आठ हजारांच्या पुढे गेली. 'लढवय्या' आणि 'बिनलढवय्या' हा भेद अधिकारी भरतीत कोणी विचारीनासे झाले. १९४७ नंतर तर सेना आपलीच झाली. मुंजे मार्च १९४८ मध्ये वारले. ज्या दारावर धडका देण्यासाठी शाळा काढली ते दार अकरा वर्षांच्या आत सताड उघडलेले त्यांनी पाहिले.

अशा वेळी संस्थेसमोर अवघड प्रश्न उभा राहतो. हेतू साध्य झाला, मग शाळेने करायचे काय? त्यातच गांधीहत्येनंतरच्या वातावरणात हिंदू महासभेशी नाते असलेल्या कोणत्याही संस्थेला महाराष्ट्रात दिवस सोपे नव्हते. नवे स्पर्धकही आले. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५४ मध्ये आली. २३ जून १९६१ रोजी साताऱ्याला देशातील पहिले सैनिक स्कूल निघाले, तेही सरकारी खर्चाने आणि शिष्यवृत्त्यांसह. १९७७ मध्ये राज्य सरकारने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, केवळ प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करून घेणारी संस्था काढली. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा असे धोरण ठरवले. एकेकाळी एकटी असलेली भोसला अशा रीतीने अनेकांतील एक झाली.

ती टिकली, याचे कारण तिने आपला गिऱ्हाईक बदलला, असे स्पष्टच म्हणावे लागेल. मुलगा लष्करात जावा म्हणून पाठवणारे पालक आजही आहेत. पण मुलगा 'सुधारावा', वेळेवर उठावा, मोबाइलपासून दूर राहावा, चार माणसांत धीटपणे बोलावा म्हणून पाठवणारेही कमी नाहीत. प्रवेशासाठी मुलांची पारख होते आणि निवडलेल्यांना पहाटेची शारीरिक कवायत, वर्ग, मैदान, अभ्यासिका असा बांधलेला दिवस मिळतो. घोडेस्वारी आणि नेमबाजी ही मुंजे यांच्या आवडीची दोन अंगे शाळेने सोडलेली नाहीत. सामान्य शाळेत घोडा फक्त गॅदरिंगच्या नाटकात येतो. येथे त्याला खरारा करावा लागतो, आणि उंच घोड्यावरून पहिल्यांदा पडणे हा रामदंडी होण्याचा भागच मानला जातो. सुट्टीत बाहेरच्या मुलांसाठी होणारी शिबिरे हे शाळेचे दुसरे प्रसिद्ध अंग आहे.

सर्वच रामदंडी सैन्यात जात नाहीत. प्रबोधिनीची लेखी परीक्षा, त्यानंतर निवड मंडळासमोरचे पाच दिवस आणि शेवटी वैद्यकीय तपासणी, या चाळणीतून देशभरातल्या लाखोंपैकी काहीशेच मुले पार पडतात. अनेकांचे स्वप्न केवळ चष्म्याच्या नंबरामुळे मोडते. नेत्रवैद्याने काढलेल्या शाळेच्या वाट्याला हे यावे, हा दैवाचा खेळच. बाकीचे इंजिनीअर, वकील, व्यापारी, शेतकरी होतात.

संस्थेचा पसारा मात्र वाढत गेला. रामभूमीतच महाविद्यालय आणि मुंजे यांच्या नावाची व्यवस्थापन संस्था आली, १९९० च्या दशकात नागपूरला शाखा निघाली आणि नाशिकमध्ये मुलींसाठी स्वतंत्र सैनिकी शाळाही सुरू झाली.

चौकशीची सावली

२९ सप्टेंबर २००८ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच मालेगाव येथे झालेल्या बॉम्बस्फोटात सहा जणांचा बळी गेला. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तपासात शाळेचे नाव आले, संस्थेशी संबंधित व्यक्तींकडे चौकशी झाली आणि काही आठवडे वृत्तवाहिन्यांच्या गाड्या प्रवेशद्वारासमोर उभ्या राहिल्या. खटला सतरा वर्षे रेंगाळला. ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. स्फोटात माणसे गमावलेल्या मालेगावच्या घरांना दोषी कोण, याचे उत्तर त्या निकालाने मिळालेले नाही. शाळेपुरते बोलायचे तर, आपला मुलगा कोणत्या विचारांत वाढतो आहे, हा प्रश्न पालकाने प्रवेशाच्या वेळी विचारणे २००८ नंतर स्वाभाविक झाले. नावातच विचार घेऊन आलेल्या संस्थेने त्या प्रश्नाचा राग मानण्याचे कारण नाही.

आता ही चर्चा एकट्या नाशिकपुरती उरलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये खासगी संस्था व राज्य सरकारांच्या भागीदारीत शंभर नवी सैनिक स्कूल उभारण्याचे ठरवले आणि या संस्था कोणाच्या, यावरून देशभर वाद झाले. त्याच सुमारास सैनिक स्कूलचे दरवाजे मुलींना खुले झाले. प्रबोधिनीतही २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यांतील १७ जणी खडकवासल्याच्या मैदानावरून संचलन करीत बाहेर पडल्या. 'लढवय्या' कोणाला म्हणावे, या ज्या वादातून मुंजे यांनी शाळा काढली, त्यात मुलींचा विचार दोन्ही बाजूंपैकी कोणी केला नव्हता.