नगरसेवक ते खासदार : गिरीश बापट यांच्या निवडणुका



पुढाऱ्यांचें चरित्र सांगतांना आपण त्यांचे विजय मोजतों आणि पराभव ओझरते उरकतों. वर्गांत इतिहास शिकवितांना मीही अनेक वर्षें हेंच केलें. आज कै. गिरीश बापट यांच्या निवडणुकांची हकीकत सांगतांना मात्र जयापजय दोन्ही मांडणार आहें. कारण आम्हां नारायण पेठकरांच्या दृष्टीनें ती आमच्याच मतांची रोजकीर्द आहे.

तळेगांव दाभाडे येथें १९५० सालीं जन्मलेले बापट टेल्को कारखान्यांत नोकरीस होते. आणीबाणींत त्यांना तुरुंगवास घडला. १९८३ सालीं ते पुणें महापालिकेवर निवडून गेले आणि लागोपाठ तीन वेळां नगरसेवक झाले. नळाचें पाणी, तुंबलेलें गटार, रस्त्यावरचा दिवा, अशा किरकोळ वाटणाऱ्या कामांतच लोकप्रतिनिधीची पहिली परीक्षा होते.

दुसरी पायरी सहजासहजीं लाभली नाहीं. कसबा मतदारसंघांत विधानसभेची पोटनिवडणूक झाली, तींत काँग्रेसचे वसंत थोरात यांनीं त्यांना पराभूत केलें. १९९५ सालीं तीच जागा त्यांनीं जिंकली. लगेच १९९६ सालीं भारतीय जनता पक्षानें त्यांना लोकसभेस उभें केलें. तेथें सुरेश कलमाडी यांच्यापुढें हार पत्करावी लागली. कसब्याचा कौल म्हणजे साऱ्या पुण्याचा कौल नव्हे, हा धडा त्या वेळीं मिळाला.

पुढें १९९९, २००४, २००९ व २०१४ अशा चारही वेळां कसब्यानें त्यांनाच निवडलें. पण हे विजय एकसारखे नव्हते. २००९ सालीं रवींद्र धंगेकर यांच्यावर मिळालेलें मताधिक्य आठ हजारांच्या आसपास होतें. २०१४ सालीं तें बेचाळीस हजारांवर गेलें, आणि बापट राज्याचे मंत्री झाले. अखेर २०१९ सालीं, पहिल्या प्रयत्नानंतर तेवीस वर्षांनीं, ६,३२,८३५ मतें मिळवून ते लोकसभेंत गेले. काँग्रेसचे मोहन जोशी यांच्यावरील मताधिक्य ३,२४,६२८ होतें.

आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनामुळें २०२३ च्या फेब्रुवारींत कसब्यांत पुन्हां पोटनिवडणूक लागली. बापट तेव्हां अत्यवस्थ होते. तरीही नाकाशीं प्राणवायूची नळी लावून, चाकांच्या खुर्चींतून, ते आमच्या पेठेंतील केसरीवाड्यांत कार्यकर्त्यांच्या मेळाव्यास आले. कोणी त्यांच्या निष्ठेची वाखाणणी केली. आजारी माणसास असें बाहेर काढावें काय, असेंही कोणी विचारलें. जागा मात्र त्याच धंगेकरांनीं काँग्रेसतर्फे सुमारें अकरा हजार मतांनीं जिंकली. २९ मार्च रोजीं बापट निवर्तले.

यापुढील पान मला अधिक बोचतें. रिकामी झालेली जागा सामान्यतः सहा महिन्यांत भरावी, असा कायदा आहे. लोकसभेची मुदत संपण्यास वर्षाहून अधिक काळ उरला होता. तरी पोटनिवडणूक झाली नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ती घेण्याचा हुकूम दिला; जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. जून २०२४ मध्यें माजी महापौर मुरलीधर मोहोळ यांनीं धंगेकरांचा १,२३,०३८ मतांनीं पराभव केला, तोंवर पुण्यास खासदारच नव्हता. इकडे महापालिकेची मुदतही मार्च २०२२ मध्यें संपून कारभार प्रशासकाकडे गेला होता. म्हणजे ज्या पायरीवरून बापट चढले ती, आणि जेथें ते पोंचले ती, दोन्ही एकाच वेळीं ओस पडल्या होत्या.

बापटांना मतदारांनीं दोनदां नाकारलें, अनेकदां स्वीकारलें. दोन्ही निकाल त्यांनीं मानले. लोकशाहीचा व्यवहार असाच चालतो. परंतु त्या चौदा महिन्यांत मतदारांस होय म्हणण्याची वा नाहीं म्हणण्याची संधीच मिळाली नाहीं. आमच्या रोजकीर्दींतलें तें पान कोरें राहिलें, आणि तें आतां कोणासही भरतां येणार नाहीं.