‘विप्रो’: नाव आणि फूल

१२. अमळनेरची तुपाची कंपनी: हा उल्लेख ‘विप्रो’चा आहे. महंमद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदवली आणि जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तूप ‘सनफ्लॉवर’, ‘किसान’ अशा नावांनी विकले जाई. जोडीला ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण होता.

एवढे लांबलचक नाव बोलायला अवघडच. पहिल्या दोन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे घेतली, त्यांना ‘प्रॉडक्ट्स’मधला ‘प्रो’ जोडला आणि ‘विप्रो’ तयार झाले. कागदोपत्री मात्र कंपनी १९७७ मध्ये ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झाली आणि १९८२ मध्ये नुसती ‘विप्रो’ उरली. तोवर महंमद प्रेमजींचे पुत्र अझीम प्रेमजी यांनी तिला संगणकाच्या धंद्यात उतरवले होते.

  

विप्रोचे सप्तरंगी फुलाचे बोधचिन्ह १९९८ मधले आहे, म्हणजे अमळनेरच्या कारखान्यानंतर अर्धशतकाने आलेले. जुन्या तुपाच्या डब्यांशी वाचकांनी त्याची गल्लत करू नये. २०१७ मध्ये त्याच्या जागी रंगीत ठिपक्यांचे वर्तुळ आले.