दगडाची नावे, लाकडाची सेवा

धुळे जिल्ह्यात तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांचे मकबरे आहेत. ते पाहिले की १३८२ ते १६०१ पर्यंत खानदेशावर राज्य केलेले घराणे आठवते. दगडाने राजांची नावे राखली. लाकूड मात्र कुजते, जळते, मोडीत निघते आणि त्याच्याबरोबर सुताराचे नावही जाते.

जुन्या गावगाड्यात सुतार बलुतेदार होता, मुलाणीही होता. सुताराने वर्षभर नांगर, वखर, तिफण, बैलगाडी दुरुस्त करून द्यायची आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. औत कुणाचे, हिंदूचे की मुसलमानाचे, हे त्याची करवत विचारत नसे. अर्थात या व्यवस्थेत जातीची उतरंडही होती, हे आपण विसरू नये.

डिसेंबर १९३६ मध्ये आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते. खेड्यातलेच साहित्य आणि खेड्यातलेच हात वापरावेत, असा गांधीजींचा आग्रह होता. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस आले आणि बांबूसारख्या साध्या साहित्यातून तिथे टिळकनगर उभे राहिले. इतिहासाने नंदलालबाबूंचे नाव लिहिले, ते योग्यच झाले. पण ज्यांनी बांबू तासले, खांब रोवले, त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

आपल्या परंपरेत हा हुन्नर हलका नाही. हजरत जकरिया सुतार होते, असे हदीस सांगते. मदिनेच्या मशिदीतला पहिला मिंबर एका सुतार गुलामाने झाऊच्या लाकडाचा बनवला. त्या कारागिराच्या नावावर मात्र रावींचे एकमत नाही.

आज आपल्या मशिदीत जनाजाचा डोला असतो, गुसलचा तख्ता असतो. श्रीमंत-गरीब, सगळ्यांचा शेवटचा प्रवास त्याच डोल्यावरून होतो. तो कोणी बनवला, मजुरी घेतली की सवाब म्हणून दिला, हे आपण कधी विचारत नाही. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक असते. जळगाव-धुळ्यातल्या आपल्या तरुणांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, कारागिराचे नाव, गाव आणि काम लिहून घ्यावे. ही माणसे गेली की आपल्या इतिहासाचे हे पान कोरेच राहील.