शिधा ते स्वयंरोजगार : बांगलादेशातील एक प्रयोग

मदतीवर जगणारे कुटुंब स्वतःच्या व्यवसायावर कसे उभे करावे, हा प्रश्न धर्मग्रामात गरिबांना शिधा वाटणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. या बाबतीत फजले हसन आबेद यांनी १९७२ साली बांगलादेशात स्थापिलेल्या ‘ब्रॅक’ संस्थेचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. दरमहा शासकीय मदतीचा गहू मिळणाऱ्या निराधार स्त्रियांना ब्रॅकने १९८० च्या दशकात कुक्कुटपालनाचे प्रशिक्षण, बचतीची सवय व छोटे कर्ज देऊ केले. अनेकींचा जम बसला. परंतु अगदी तळाच्या स्त्रिया कर्जाला भ्यायल्या, वा त्यात टिकल्या नाहीत.

म्हणून २००२ साली क्रम बदलण्यात आला. प्रथम कर्ज नव्हे, तर गाय वा शेळ्या विनामूल्य. उत्पन्न सुरू होईपर्यंत निर्वाहभत्ता, अन्यथा भुकेपोटी शेळीच विकली जाते. आणि सुमारे दोन वर्षे कार्यकर्त्याची नियमित घरभेट. चारा, लस, हिशेब हे सारे गोठ्यातच शिकवले जाते. आमच्या मते या योजनेचा प्राण ही घरभेटच होय. पैसा देणे त्या मानाने सोपे!

भारतासह सहा देशांतील चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. योजना संपून वर्ष लोटल्यावरही बहुतेक ठिकाणी कुटुंबांचे उत्पन्न व आहार सुधारलेला आढळला. होंडुरासमध्ये मात्र वाटलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि लाभ टिकला नाही. बिहारने २०१८ साली याच धर्तीवर ‘सतत जीविकोपार्जन योजना’ सुरू केली; दारूबंदीमुळे देशी दारू व ताडीचा धंदा बुडालेली कुटुंबे तिच्यात समाविष्ट करण्यात आली.