कोपरा दुमडलेले कार्ड

रामदासपेठेत एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी आम्ही पाच-सहा जण चर्चासत्राची आखणी करायला जमलो होतो. बीजभाषण, निबंधवाचन, भोजन हे सारे मार्गी लागल्यावर एक किरकोळ मुद्दा उरला. बाहेरगावच्या अभ्यासकांना एकमेकांचे पत्ते सहज मिळावेत म्हणून प्रत्येकाला डिजिटल व्हिजिटिंग कार्ड करून द्यायचे होते. ते दुसऱ्याच्या फोनला टेकवायचे असावे, की फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचे? तरुण मंडळी टेकवण्याच्या बाजूची होती, खर्चाचा हिशेब पाहणारे टिपण्याच्या. किरकोळ मुद्द्यावर अर्धा तास गेला. शेवटी यजमान उठले आणि आतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात कार्डे होती. बहुतेक त्यांना मिळालेली, काही त्यांच्या वडिलांच्या वेळची. "आधी हे पाहा," एवढेच ते म्हणाले.

व्हिजिटिंग कार्डावर तारीख नसते. तरीही त्या डब्यातल्या कार्डांचा काळ ठरवणे फारसे अवघड गेले नाही. एकावर नागपूरपुढे 'म. प्र.' अशी अक्षरे होती. म्हणजे ते १९५० नंतरचे आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचे, नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते तेव्हाचे. दुसऱ्यावर 'मुंबई राज्य' होते, म्हणजे त्यानंतरच्या साडेतीन वर्षांतले. सहा आकडी पिन कोड असलेली कार्डे १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव २००५ मध्ये मिळाले. त्यामुळे प्राध्यापक मंडळींची कार्डे आपोआप दोन ढिगांत विभागली गेली. काही कार्डांवर दूरध्वनीचा छापील क्रमांक शाईने खोडून वर नवा लिहिलेला होता.

खरी गोष्ट मात्र कार्डांच्या पाठीवर होती. तिथे यजमानांचे बारीक अक्षर होते: माणूस कुठे भेटला, कोणी ओळख करून दिली, काय बोलणे झाले. एका कार्डामागे लिहिले होते, "यांच्याकडे आजोबांची रोजनिशी आहे. पाहायला जाणे." त्याखाली वेगळ्या शाईत एकच शब्द होता, "पाहिली." कार्ड देणाऱ्याने जे छापले त्याहून घेणाऱ्याने जे लिहिले ते अभ्यासकाला अधिक मोलाचे, हे त्या एका शब्दाने सांगितले.

आपल्याकडे नावाची खूण दुसऱ्याच्या हाती देण्याचा इतिहास कार्डाहून बराच जुना आहे. मराठेशाहीतल्या राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. शिक्का हे पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तब सांगे की मजकूर इथे संपला, यापुढे कोणी भर घालू नये. आज आपण 'शिक्कामोर्तब' हा शब्द सहज वापरतो, तेव्हा या दोन वेगळ्या मुद्रा होत्या हे विसरलेले असतो. त्या मुद्रांवरचा मजकूरही पाहण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांची संस्कृत मुद्रा आपली ओळख शहाजीपुत्र अशी करून देते. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपती शाहूंचे नाव येते आणि मग त्यांचा प्रधान म्हणून पेशव्याचे. माणूस एकट्याने स्वतःची ओळख सांगत नसे. मी अमक्याचा कोण, हे त्यात आलेच पाहिजे. "तुम्ही मूळचे कुठले?" हा आपला पहिला प्रश्न त्याच रीतीचा वारस आहे.

छापील भेटकार्ड आले ते इंग्रजांबरोबर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या युरोपीय उच्चभ्रू समाजात भेटीला जाणारा माणूस आधी नोकराकरवी आपले कार्ड आत पाठवी. घरधनी नसला, किंवा भेटायची इच्छा नसली, की कार्ड ठेवून परत फिरायचे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांच्या वस्त्यांत तर बंगल्याच्या फाटकाशी कार्डे टाकण्यासाठी पेटीच असे. तिच्यावर 'घरी नाही' अशा अर्थाचे शब्द असत, मग साहेब घरात बसलेला का असेना. नव्याने बदलून आलेल्या अधिकाऱ्याने या पेट्यांत कार्डे टाकत हिंडावे, असा शिष्टाचार होता.

या शिष्टाचारात एक बारकावा होता आणि आमच्या वादाचे मूळ तिथेच आहे. माणूस स्वतः दारापर्यंत आला असेल, तर तो कार्डाचा एक कोपरा दुमडून ठेवी. नोकराहाती पाठवलेले कार्ड सपाट राही. नाव तेच, छपाई तीच. पण दुमडलेला कोपरा सांगे की मी जातीने आलो होतो.

टेकवण्याचे कार्ड म्हणजे हा दुमडलेला कोपरा आहे. त्यामागचे निकट-संपर्काचे तंत्र सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी २००२ मध्ये पुढे आणले. कार्डाच्या पोटात चिमुकली चकती आणि तारेचे वेटोळे असते; त्यात बॅटरी नसते. फोन साधारण चार सेंटिमीटरच्या आत आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रावरच चकती जागी होते आणि आपल्याजवळचा मजकूर सांगते. एवढ्या जवळ यायचे, तर दोन माणसांनी समोरासमोर उभे राहिलेच पाहिजे.

टिपण्याची चौकट याच्या उलट स्वभावाची. ती १९९४ साली जपानमधल्या डेन्सो या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या उद्योगात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. खोक्यांवरच्या उभ्या रेघांच्या पट्टीत जेमतेम वीस अक्षरे मावत आणि कारखान्याला जास्त हवी होती. कंपनीने पेटंटचा हक्क न बजावल्यामुळे ही चौकट जगभर फुकट पसरली. २०१६ मध्ये यूपीआय आल्यानंतर ती आपल्याकडे भाजीच्या गाड्यावरही पोचली. ती कोणालाही, कितीही वेळा, मालकाच्या गैरहजेरीतही टिपता येते. ती फाटकाची पेटी आहे. नागपूरकराला हा भेद परका नाही: मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या इथल्या मेट्रोच्या दारावर महाकार्ड टेकवूनही आत जाता येते आणि तिकिटाची चौकट दाखवूनही.

इथवर टेकवण्याची बाजू जड वाटते, निदान भेटीची किंमत जाणणाऱ्यांना. पण भाषेच्या माणसाने आणखी एक हिशेब करावा. या कार्डांत वापरल्या जाणाऱ्या सर्वांत साध्या चकतीत मजकुरासाठी १४४ बाइट जागा असते. रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटात बसते; देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलासुद्धा, तीन बाइट लागतात. 'रामदासपेठ, नागपूर' एवढेच लिहायला ४७ बाइट, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश चकती. रोमनमध्ये हेच अठरा बाइटांत होते. चौकटीत जागा बरीच अधिक, तीन हजार बाइटांच्या जरा आत. पण तिथेही घरच्या लिपीला मान आहे. जपानी चित्रलिपीतले एक अक्षर तेरा बिटांत बसवण्याची खास सोय तिच्यात आहे. देवनागरीच्या एका मात्रेला मात्र चोवीस बिट मोजावे लागतात. ज्याने साधन घडवले त्याची लिपी त्यात आधी बसते, हा छापखान्याच्या खिळ्यांपासूनचा अनुभव आहे.

जागेच्या या टंचाईमुळे आणि धंद्याच्या सोयीमुळेही बहुतेक कार्डांत नाव-पत्ता नसतोच. असतो तो एक दुवा. नाव-पत्ता दूर कोण्या कंपनीच्या संगणकावर राहतो. टेकवायचे असो वा टिपायचे, बाजारातल्या अनेक कार्डांची हीच गत आहे. याची एक सोय आहे, नाही असे नाही: क्रमांक बदलला तर कार्ड नवे छापावे लागत नाही. पण मग आपल्या हाती पडले काय? मागे एका प्रकाशकांनी मला असे कार्ड दिले होते. वर्षभराने काम निघाले तेव्हा टिपून पाहिले, तर पान उपलब्ध नाही असा निरोप आला. वर्गणी भरायची राहिली होती. कार्ड माझ्या खणात होते, नाव मात्र त्यात नव्हते. शिवाय असे कार्ड कोणी केव्हा उघडले याची नोंद देणाऱ्याकडे होऊ शकते, आणि पाठीवर "पाहिली" असे लिहायची जागा घेणाऱ्याकडे उरत नाही.

म्हणून टेकवायचे की टिपायचे हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा की नाव कार्डात आहे की दुसरीकडे. चौकटीच्या काळ्या-पांढऱ्या घरांतच नाव, पत्ता आणि क्रमांक भरता येतात. अशा चौकटीला इंटरनेट लागत नाही, वर्गणी लागत नाही, आणि एकदा छापली की देणाऱ्यालाही ती बदलता येत नाही. शिक्का आणि मोर्तब यांच्यामध्ये मजकूर बंदिस्त व्हावा, तसे ते आहे. पत्ता बदलेल आणि कार्ड जुने होईल, होऊ द्यावे. जुने झाले म्हणूनच तर 'म. प्र.' या दोन अक्षरांनी आम्हाला काळ सांगितला. सतत ताजे राहणारे कार्ड कोणत्याच काळाचे नसते.

त्या संध्याकाळी ठरले ते असे: साधे कागदी कार्ड, पुढे देवनागरीत नाव आणि गाव, मागे एका कोपऱ्यात नावपत्ता पोटात असलेली चौकट, आणि उरलेली पाठ कोरी. तरुणांपैकी एकाने विचारले, "मग समोरासमोर भेटल्याची खूण कोणती?" यजमानांनी डब्यातले एक कार्ड उचलले, त्याच्या पाठीवरचे दोन ओळींचे अक्षर त्याला दाखवले आणि डबा बंद केला.