स्वीडिश माउझर

स्वीडिश लष्कराची बोल्टची रायफल. आखूड कार्बाइन एम/९४ ही १८९४ मध्ये, तर लांब नळीची एम/९६ ही १८९६ मध्ये स्वीकारली गेली. सुरुवातीच्या बंदुका जर्मनीत ओबर्नडॉर्फला घडल्या, पुढच्या स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हुस्कवार्नाच्या कारखान्यानेही त्या केल्या. या रायफलीचे ६.५×५५ मिमी. काडतूस स्वीडन व नॉर्वे यांनी मिळून ठरवले. त्याचा धक्का सौम्य असल्याने नेमबाजांत ही बंदूक आजही लाडकी आहे.

खरेदी करताना बऱ्याच बंदुकांच्या दस्त्यावर उजवीकडे पितळी चकती दिसते. नळीचा आतील व्यास आणि झीज तिच्यावर खुणांनी नोंदवलेली असते. पण चकती बदलता येते; म्हणून नळीत प्रकाश टाकून आटे स्वतः पाहावेत, सुट्या भागांवरचे क्रमांक जुळवावेत.

एम/९६ ची मूळ नेमपट्टी ३०० मीटरपासून सुरू होते. साहजिकच १०० मीटरवर गोळी वर लागते आणि नवखा बंदुकीला दोष देतो.

काडतुसे घरी भरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ६.५×५५ च्या पुंगळीचे बूड .३०-०६ च्या पुंगळीपेक्षा किंचित रुंद असते. म्हणून .३०-०६ ची पुंगळी कापून काम भागवू नये. मूळची बोथट गोळी १०.१ ग्रॅमची, नळीचा घसा तिच्यासाठीच लांब ठेवलेला आहे. १८९८ च्या माउझरमधला तिसरा सुरक्षा-खुंट या बोल्टला नाही. म्हणून नव्या रायफलींसाठी छापलेली जादा दाबाची मापे हिच्यात वापरू नयेत.